वाचनालयाच्या नूतनीकरणात नैसर्गिक प्रकाशावर खर्च करावा का?

प्रश्न: कार्यवाह_वाचनालय

नमस्कार. मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करतो. सध्या आमच्या मुख्य वाचन दालनाच्या नूतनीकरणाचा विचार चालू आहे. दालन एकमजली असून १२ मीटर लांब आणि ९ मीटर खोल आहे. पूर्वेकडच्या लांब भिंतीला पाच खिडक्या आहेत, परंतु त्यांच्यापुढे गेली अनेक वर्षे पुस्तकांची उंच लोखंडी कपाटे उभी असल्यामुळे दोन कपाटांमधल्या फटींतून येईल तेवढाच उजेड आत पोहोचतो. वाचकांची टेबले आतल्या बाजूला आहेत आणि भर दुपारीही तेथे सगळे दिवे लावावे लागतात.

आमच्याकडे एक वयस्कर वाचक नेमाने येतात. ते टेबलाशी बसत नाहीत. कपाटांच्या फटीपाशी उभे राहतात आणि वर्तमानपत्राची घडी उजेडाकडे कलती धरून बारीक टाइपातला मजकूर वाचतात. टेबलावर बरोबर डोक्यावर दिवा आहे, तरीही ते असेच करतात. हे रोज पाहिल्यावर मला वाटू लागले की नूतनीकरणात पहिला खर्च उजेडावर व्हायला हवा. कार्यकारिणीतील काही सदस्यांचे मत वेगळे आहे. एलईडी दिवे आता इतकी कमी वीज घेतात की खिडक्या मोठ्या करणे किंवा छतात तावदाने बसवणे हा निव्वळ हौसेचा खर्च ठरेल, असे त्यांचे म्हणणे आहे. नैसर्गिक प्रकाशाचे फायदे खरोखर किती आहेत आणि आमच्यासारख्या खोल दालनात तो आणायचा तर कोठून आणावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: झरोका

नमस्कार. मी वास्तुरचनाकार आहे. आपल्या वर्णनावरून पहिली गोष्ट अशी दिसते की दालनाची मांडणीच उलटी झाली आहे. पुस्तकाला उजेड नको असतो आणि वाचकाला हवा असतो. आपल्याकडे पुस्तके खिडकीशी आहेत आणि वाचक अंधारात. उन्हाने कागद पिवळा पडतो, बांधणीचे कापड विटते. म्हणूनच संग्रहालयांमध्ये जुनी हस्तलिखिते आणि जलरंगातील चित्रे साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) आसपासच्या मंद प्रकाशात ठेवतात. वाचायला मात्र ३०० ते ५०० लक्स हवेत. लुई कान यांनी अमेरिकेतील फिलिप्स एक्झेटर अकादमीसाठी रचलेल्या आणि १९७१ मध्ये पूर्ण झालेल्या वाचनालयात नेमका हाच विचार आहे: पुस्तकांचे मजले आतल्या बाजूला, आणि बाहेरच्या भिंतीलगत लाकडी वाचनकक्ष. त्या प्रत्येक कक्षाला स्वतःची लहान खिडकी आणि तिला सरकती लाकडी झडप आहे. पुस्तक उचलायचे आणि उजेडाकडे जायचे. आपले वयस्कर वाचक तेच करत आहेत, फक्त त्यांना बसायला खुर्ची नाही. तेव्हा कोणताही खर्च करण्याआधी कपाटे आतल्या भिंतीकडे न्या आणि टेबले खिडक्यांशी आणा.

आता खिडक्यांविषयी. एका बाजूने येणारा उजेड किती आत जाईल, हे खिडकीच्या रुंदीपेक्षा तिच्या माथ्याच्या उंचीवर अधिक अवलंबून असते. खिडकीचा माथा जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दीडपट ते अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोहोचतो, असा आमच्या व्यवसायातील ढोबळ आडाखा आहे. माथा नेहमीसारखा २.१ मीटरवर असेल, तर उजेड फार तर ५ मीटरपर्यंत जाईल आणि ९ मीटर खोल दालनाचा मागचा भाग काळोखातच राहील. तोच माथा ३ मीटरवर नेला, तर हे अंतर सात-साडेसात मीटरपर्यंत वाढू शकते. पुष्कळ लोक खिडकी मोठी करायची म्हणजे ती खालच्या बाजूने वाढवतात. टेबलाच्या पातळीखालची काच वाचकाच्या पानावर जवळजवळ काहीच उजेड पाडत नाही, पण उष्णता मात्र आत आणते. वाढवायचेच असेल तर वर वाढवा.

मागच्या भागासाठी छताकडे वळावे लागेल. आपले दालन एकमजली आहे, हे भाग्यच म्हणायला हवे. ढगाळ दिवशी डोक्यावरचे आकाश क्षितिजाजवळच्या आकाशाच्या सुमारे तिप्पट उजळ असते. त्यामुळे छतातील लहानशी जागाही मोठे काम करून जाते. ब्राझीलमधील आल्फ्रेडो मोझर या मेकॅनिकने २००२ मध्ये पाणी आणि थोडे ब्लीच भरलेली प्लास्टिकची बाटली छपराला भोक पाडून बसवली, तेव्हा तिच्यातून ४० ते ६० वॅटच्या बल्बइतका उजेड खाली पसरला आणि पुढे ही युक्ती जगभर गेली. तरीही मी आपल्याला सपाट काचेचे स्कायलाइट सुचवणार नाही. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर असताना त्यातून थेट ऊन खाली पडते आणि दालन तापते. त्यापेक्षा छताचा एक भाग उंच उचलून त्याच्या उभ्या बाजूला तावदाने बसवावीत. उत्तर गोलार्धात ही तावदाने उत्तरेकडे तोंड करून असावीत, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. त्या दिशेने वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, फक्त आकाशाचा शांत, एकसारखा उजेड येतो. जुन्या कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरे याच कारणाने तशी बांधली गेली, कारण मागावर बसलेल्या माणसाला धाग्याचा रंग आणि तुटलेले टोक दिवसभर सारखेच स्पष्ट दिसायला हवे होते.

छत आणि आतली भिंत पांढरी ठेवा. ताजी सफेदी अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते, आणि खिडकीपासून दूर असलेल्या टेबलावर जो उजेड येतो, तो मुख्यतः असाच भिंतींवरून उसळून आलेला असतो.

एक विनंती: लक्स मीटर मिळवून ढगाळ दिवशी सर्व दिवे बंद करून मोजमाप घ्या. एकदा बाहेर उघड्यावर आणि लगेच प्रत्येक टेबलावर. आतला आकडा बाहेरच्या आकड्याच्या किती टक्के आहे, ते पाहा. बाहेर १०,००० लक्स असताना टेबलावर २०० असतील, तर ते प्रमाण २ टक्के होते. दालनाची सरासरी यापेक्षा कमी असेल, तर माणसे दिवसाही दिवे लावतात; ५ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर दिवसा दिव्याची आठवणही होत नाही. हा आकडा कार्यकारिणीपुढे ठेवलात, तर चर्चा मतांवर न होता मोजमापावर होईल.

उत्तर: दृष्टी_आणि_आरोग्य

मी नेत्रवैद्यक क्षेत्रात काम करते. आरोग्याच्या अंगाने काही सांगावेसे वाटते, कारण या विषयावर खरे आणि अतिरंजित असे दोन्ही दावे एकत्र फिरत असतात आणि कार्यकारिणीत एखादा चुकीचा दावा उघडा पडला, तर बरोबर असलेलेही कोणी ऐकणार नाही.

आधी जे पक्के आहे ते सांगते. डोळ्याचे काम केवळ पाहणे एवढेच नाही. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र तयार करण्यासाठी नव्हे, तर मुख्यतः बाहेर दिवस आहे की रात्र, हे मेंदूला कळवण्यासाठी काम करतात. त्या स्वतः प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात, आणि दिवसाच्या आकाशात हा प्रकाश विपुल असतो. माणसाचे जैविक घड्याळ सरासरीने २४ तासांपेक्षा किंचित मंद चालते. ते रोज जुळवून घ्यावे लागते, आणि सकाळचा भरपूर उजेड हे काम सर्वांत चांगले करतो. दिवस अंधुक जागेत गेला आणि रात्र प्रखर दिव्यांत गेली, की झोपेची वेळ पुढे सरकते. जैविक घड्याळाच्या पेशींमधील यंत्रणेच्या शोधासाठी २०१७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार दिला गेला. तेव्हा हा विषय हौसेचा नक्कीच नाही.

दिव्याने हे काम होणार नाही का, असा प्रश्न आपले सहकारी विचारतील. तत्त्वतः होईल, पण फरक प्रमाणाचा आहे. चांगल्या दिव्यांच्या दालनात ५०० लक्स असतात. खिडकीशेजारच्या टेबलावर सहज हजार-दोन हजार असतात. बाहेर ढगाळ दिवशीही दहा हजारांच्या घरात आणि लख्ख उन्हात एक लाखापर्यंत. आपल्या बाहुल्या आकुंचन पावतात आणि डोळा जुळवून घेतो, म्हणून ही तफावत आपल्याला जाणवत नाही.

मुलांसाठी वेगळे दालन असेल, तर ही गोष्टही लक्षात घ्या. चीनमधील ग्वांगझू येथील शाळांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या मुलांना शाळेच्या प्रत्येक दिवशी ४० मिनिटे अधिक बाहेर नेले, त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना तीन वर्षांत ऱ्हस्वदृष्टी (दूरचे धूसर दिसणे) आली. इतर मुलांमध्ये हे प्रमाण ३९.५ टक्के होते. परंतु हा परिणाम बाहेर घालवलेल्या वेळेचा आहे. खिडकीशी बसून वाचल्याने तेवढाच लाभ होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

असाच घोटाळा ड जीवनसत्त्वाबाबत होतो. खिडकीतल्या उन्हात बसल्याने ते मिळते, असे अनेकजण सांगतात. परंतु त्यासाठी लागणारे अतिनील किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. आणि रॉजर उलरिख यांचा १९८४ चा प्रसिद्ध अभ्यास, ज्यात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधे कमी लागली, तो उजेडाविषयी नसून दृश्याविषयी आहे. तुमच्या खिडक्यांबाहेर एखादे झाड असेल, तर ते जपा. तोही लाभच आहे, मात्र वेगळ्या नावाने मोजावा.

वयस्कर वाचकाविषयी: वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होते आणि बाहुली लहान राहते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या तरुणाच्या तुलनेत ढोबळमानाने एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. ते उजेडाकडे जातात ही त्यांची सवय नव्हे, गरज आहे. कृपया त्या फटीत आजच एक खुर्ची ठेवा.

उत्तर: तारजोडणी

वरील दोन्ही उत्तरांना विजेच्या अंगाने थोडी जोड देतो. नैसर्गिक प्रकाश आत आला म्हणून वीज आपोआप वाचत नाही. दिवा बंद झाला तरच वाचते. बहुतेक दालनांत खिडकीपासून आतल्या भिंतीपर्यंतचे आडव्या ओळीतले दिवे एकाच बटणावर असतात. आतल्या टेबलाला उजेड हवा म्हणून बटण दाबले की खिडकीशेजारचे दिवेही उन्हात जळत राहतात. नूतनीकरणात वायरिंग नवे होणारच असेल, तर दिव्यांच्या ओळी खिडक्यांच्या भिंतीला समांतर करून प्रत्येक ओळ वेगळ्या बटणावर घ्या, आणि जमल्यास खिडकीकडच्या ओळीला प्रकाश पाहून मंद होणारा सेन्सर लावा.

एलईडीचा मुद्दाही प्रामाणिकपणे मांडायला हवा. जुना तारेचा बल्ब एका वॅटमागे १५ ल्युमेनसुद्धा (ल्युमेन म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) देत नसे आणि दिवसाचा उजेड तेवढ्याच उष्णतेमागे १०० ल्युमेनच्या वर देतो. त्या काळी उजेड आत आणणे म्हणजे उष्णताही कमी करणे होते. आज चांगला एलईडी दिवसाच्या उजेडाची बरोबरी करतो. त्यामुळे गरजेपेक्षा जास्त काच लावली, तर गारव्यासाठी लागणारी वीज वाढून बचत निघून जाईल. आपल्या सहकाऱ्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे. केवळ वीजबिलाच्या आधारावर हा खर्च मंजूर करून घेऊ नका. वाचकांच्या डोळ्यांच्या आधारावर घ्या.

प्रतिसाद: कार्यवाह_वाचनालय

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. खुर्ची त्याच दिवशी ठेवली. त्यानंतरच्या आठवड्यात मधल्या खिडकीपुढची दोन कपाटे आतल्या भिंतीकडे सरकवली आणि त्या जागी एक टेबल लावून पाहिले. ढगाळ दुपारी बाहेर ११,००० लक्स असताना, दिवे बंद ठेवून, त्या टेबलावर ४६० लक्स आले; कपाटे असताना त्याच जागी ७० होते. आतल्या भिंतीजवळच्या टेबलावर मात्र ३० चे ३५ झाले, म्हणजे छताशिवाय तेथे गत्यंतर नाही, हे झरोका यांचे म्हणणे मोजमापानेच पटले. कपाटे आणि वायरिंग यांना कार्यकारिणीची मंजुरी मिळाली आहे. छताच्या उचललेल्या भागाचा अंदाज मागवला आहे.

एक अडचण नव्याने समोर आली. निरभ्र दिवशी सकाळी साडेनऊपर्यंत त्या टेबलावर थेट ऊन येते. पांढऱ्या पानावर कवडसा पडला की अक्षरे दिसेनाशी होतात आणि वाचक खुर्ची मागे ओढत ओढत पुन्हा अंधाराकडे जातात. खिडकीवर छज्जा आहे, पण त्याचा उपयोग होत नाही. पडदा लावला तर दिवसभर तो कोणी उघडतच नाही.

उत्तर: झरोका

सकाळचा सूर्य खाली असतो, म्हणून आडवा छज्जा त्याला अडवू शकत नाही; छज्जा दुपारच्या उंच सूर्यासाठी असतो. पूर्वेच्या खिडकीला बाहेरून उभ्या पट्ट्या लावाव्यात, आणि त्या सरळ न ठेवता उत्तर गोलार्धात किंचित उत्तरेकडे वळवाव्यात, म्हणजे वर्षातील बहुतेक काळ ऊन अडेल आणि आकाश दिसत राहील. दक्षिण गोलार्धात त्या दक्षिणेकडे वळवाव्यात.

पडदा हवाच असेल, तर वरून खाली सोडायचा नको, खालून वर ओढायचा घ्या. डोळ्यांच्या पातळीपर्यंतची काच झाकली जाईल आणि वरची मोकळी राहील. खोलवर जाणारा उजेड त्या वरच्या भागातूनच येतो. तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून टेबल खिडकीला समोरासमोर न ठेवता काटकोनात फिरवा, म्हणजे उजेड वाचकाच्या डोळ्यांवर न येता बाजूने पानावर येईल. आणि सूर्य वर चढल्यावर पडदा खाली घेण्याचे काम सकाळच्या पाळीतल्या एकाच कर्मचाऱ्याकडे नेमून द्या.