मदत हवी आहे : छत्रपती संभाजीनगरमध्ये प्राणायामाचा विश्वासार्ह वर्ग

सर्वांना सादर नमस्कार. माझी आई परभणीहून आमच्याकडे सिडकोत राहायला आली आहे. तिचे वय 64 असून उच्च रक्तदाबासाठी रोज गोळी चालू आहे, आणि डॉक्टरांनी औषधाच्या जोडीला संथ श्वसनाचा सराव सुचवला आहे.

घराजवळच्या एका वर्गात आम्ही तीन दिवस गेलो. परंतु तेथे कोणाचीही प्रकृती न विचारता सर्वांकडून भस्त्रिका (जोराने व भराभर श्वास घेणे-सोडणे) आणि जोरकस कपालभाती (झटक्याझटक्याने श्वास बाहेर टाकणे) करून घेतली जात होती, आणि तिसऱ्या दिवशी आईला चक्कर आली. रक्तदाब असलेल्यांनी हे दोन्ही प्रकार व दीर्घ कुंभक (श्वास रोखून धरणे) टाळावेत, हे शिकवणाऱ्याने आधीच सांगायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ब्रेथवर्क’ या नावाने चालणाऱ्या जलद श्वसनाच्या सत्रांबद्दलही मला हीच धास्ती वाटते, कारण त्यात रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात व गरगरते.

आम्हाला अनुलोम-विलोम (एकाआड एक नाकपुडीने श्वसन), भ्रामरी (भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडणे) आणि मिनिटाला सुमारे सहा श्वास, तेही उच्छ्वास लांबवून, इतकेच शांतपणे शिकवणारे कोणी हवे आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधामसारख्या संस्थेत रीतसर शिकलेले शिक्षक सिडको, गारखेडा किंवा उस्मानपुरा भागात आहेत का? गुडघ्यांमुळे आईला खुर्चीवर बसूनच सराव करावा लागेल, आणि उन्हाच्या आत, सकाळी सातपर्यंतची वेळ सोयीची पडेल. स्वतः किंवा घरातील वडीलधाऱ्यांनी अनुभव घेतला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.