पंप बंद करताना कॅल्शियम: सवयीने की रिपोर्ट बघून?

भूलतज्ज्ञ (धागाकर्ता): ओपन हार्ट सर्जरीमध्ये पंप (ऑपरेशनदरम्यान हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं मशीन) बंद करायची वेळ आली की अनेक ठिकाणी कॅल्शियम क्लोराईडची सिरिंज भरून तयारच असते. ही सवय मोडायला हवी असं माझं ठाम मत आहे. पंप सुरू होताना रक्त पातळ होतं, आयनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं, प्रत्यक्ष काम करणारं कॅल्शियम) घसरतं, हे खरं. पण गळ्यातल्या पॅराथायरॉईड ग्रंथी लगेच जाग्या होतात, कॅल्शियम वाढवणारं त्यांचं हार्मोन वाढतं आणि मोठ्या माणसात पंप सुटेपर्यंत पातळी पुष्कळदा आपोआप सावरते. एबीजीवर (धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत) आयनाइज्ड कॅल्शियम १.१५ मिलीमोल/लिटर, म्हणजे ठीकठाक दिसत असताना वरून डोस कशाला? महाधमनीवरचा क्लॅम्प (हृदयाचा रक्तपुरवठा थांबवणारा चिमटा) नुकताच निघालेला असतो, रक्ताविना राहिलेल्या पेशींत कॅल्शियम आधीच घुसत असतं. निदान दहा-पंधरा मिनिटं तरी थांबा!

सीनिअर भूलतज्ज्ञ: थांबा म्हणणं सोपं आहे हो. प्रेशर साठच्या वर येत नाही आणि सर्जन तुमच्याकडे बघतोय, तेव्हा कॅल्शियम मिनिटभरात काम करतं. कॅल्शियमशिवाय हृदय आकुंचन पावत नाही, हे रिंगरने १८८३ मध्येच दाखवलंय.

धागाकर्ता: प्रेशर वाढतं, मान्य. पण बरंचसं रक्तवाहिन्या आवळल्याने. हृदयातून बाहेर पडणारं रक्त तितकं वाढेलच असं नाही. शिवाय हृदयाला जोर देणारं अ‍ॅड्रिनॅलिन चालू असेल तर कॅल्शियम त्याचा परिणाम बोथट करू शकतं.

लहान मुलांच्या हार्ट टीममधून: "आपोआप सावरते" हे नवजात बाळाला लावू नका, कळकळीने सांगते. त्याच्या हृदयपेशींतला कॅल्शियमचा साठा अपुरा असतो, आकुंचनासाठी ते रक्तातल्या कॅल्शियमवरच अवलंबून असतं. त्यात पंपाचं सर्किट (नळ्या) बाटलीच्या रक्ताने भरलेलं, म्हणजे साठवलेलं रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट आलंच. ते कॅल्शियम बांधून टाकतं. आणि डायजॉर्ज सिंड्रोम या जन्मजात आजाराच्या बाळात पॅराथायरॉईड ग्रंथीच अर्धवट किंवा गायब असतात. हार्मोन येणार कुठून?

परफ्यूजनिस्ट (पंप चालवणारा तंत्रज्ञ): दोन्ही बाजूंना एकच विनंती, टोटल कॅल्शियमवर वाद घालू नका. त्यात अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं कॅल्शियमही मोजलं जातं, म्हणून अल्ब्युमिन पातळ झालं की तो आकडा फसवतो. मॅग्नेशियमही बघा, ते फार कमी असेल तर पॅराथायरॉईड हार्मोन नीट सुटतच नाही. आणि ऑर्डर देताना "एक अँप्युल कॅल्शियम" म्हणू नका, क्लोराईड की ग्लुकोनेट ते स्पष्ट सांगा. दोन्ही १० टक्क्यांचं असलं तरी क्लोराईडच्या १० मिलीत सुमारे २७० मिग्रॅ कॅल्शियम, ग्लुकोनेटमध्ये ९० च्या आसपास.

सीनिअर भूलतज्ज्ञ: हे पटलं. पण पेशंटला प्लाझ्मा, प्लेटलेट भराभर दिले जात असतील (त्यांतही सायट्रेट असतंच) तर मी रिपोर्टसाठी अडून बसणार नाही.

धागाकर्ता: तिथे मीही देईन, बाळांनाही देईन. माझा आक्षेप साध्या सीएबीजीतल्या (हृदयाच्या बायपास ऑपरेशनमधल्या) सरसकट डोसला आहे, आणि तो कायम आहे.