शातो-ग्रिये: नुसती नावाची किंमत?

'एवढ्याशा मळ्याची वाइन इतकी महाग, म्हणजे नुसती नावाची किंमत' असं कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातला शातो-ग्रिये बघा: जेमतेम साडेतीन हेक्टर, आपल्या हिशेबात नऊ एकरांच्याही आत. उभ्या चढावर ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दगडी बांध, तोडणी हातानेच. त्यात तिथली व्हिओनिये ही पांढऱ्या द्राक्षाची जात उत्पन्नाला कंजूस. (२०११ साली मळा फ्रेंच अब्जाधीश फ्रान्स्वा पिनो यांच्याकडे गेला, तेव्हा नावाचेही पैसे लागतात म्हणा.)

व्हिओनिये चाखायला तिकडचीच बाटली हवी असं नाही. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वायनरीची आम्ही टिळकवाडीत मित्राकडे उघडली. फ्रीजमधून काढल्या काढल्या कसलाच वास नाही. सुरमई तळून येईपर्यंत पेल्यात जर्दाळूचा घमघमाट. बर्फ तेवढा घालू नका.