रोगट हळदीचा नमुना परदेशी पाठवायचा, तर परवानगीची वाट वेगळी हवी की नको?

धागा : संशोधक विद्यार्थिनी, वर्धा

मी वायगाव हळदीच्या कंदकुजीवर काम करते. समुद्रपूर तालुक्यातली ही हळद, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातल्याच मालाला ते नाव लावायचा हक्क, मिळालेली. गेल्या भाद्रपदात एका वावरात ओळीच्या ओळी पिवळ्या पडल्या होत्या. खोडाला हात लावला की उपटून हातात येई. गड्डा दाबला की पाणी आणि कुबट वास. ताडून बघायला युरोपातल्या एका प्रयोगशाळेत बुरशींचा जुना संग्रह आहे, म्हणून गड्डे तिकडे पाठवायचे ठरले.

भारतीय संशोधकाला मूलभूत संशोधनासाठी असं काही बाहेर पाठवायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत त्यावर निर्णयाला 45 दिवसांची मुदत होती. पण अर्ज चेन्नईला पोचेल तेव्हा ना! विभाग, संस्था, विधी कक्ष, पुन्हा विभाग. शेवटची सही व्हायला संक्रांत उजाडली. तोवर गड्ड्यांचा चिखल झाला होता. रोगाच्या नमुन्यांना या फेऱ्यातून सोडवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद : हळद उत्पादक, समुद्रपूर तालुका

ताई, तुमचा त्रास खरा हाये, पण वाट सैल करा म्हन्नं मले पटत नाई. हळदीनं जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत 1995 ले दिलं होतं. सीएसआयआरनं, म्हंजे आपल्या देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ पुढं ठेवून भांडण केलं, तवा 1997 ले ते रद्द झालं. आमची आजी कापल्यावर हळद दाबे, तिले कोनाचा कागद लागला नव्हता.

गड्डा सडका असला तरी एखादा कोंबाचा डोळा जिवंत राह्यते. तो मातीत गेला का बेणं तयार. मंग आमच्या मानांकनाचं काय करता? जैवविविधता कायद्याच्या कलम 41 मध्ये प्राधिकरणानं गावच्या जैवविविधता समितीशी सल्लामसलत करावी असं लिवलं हाये. गावाले विचारलं का तुम्ही?

उत्तर : धागालेखिका

दादा, विचारायला गेले होते. गावातल्या पिकं-वनस्पती-प्राण्यांची माहिती लिहायची ती ‘लोक जैवविविधता नोंदवही’ ग्रामपंचायतीच्या कपाटात, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नाही. राष्ट्रीय हरित लवादाने या नोंदवह्या पूर्ण करायला 31 जानेवारी 2020 ची मुदत घातली आणि त्या घाईत कितीतरी नोंदवह्या उरकल्या गेल्या. या गावच्या वहीत वायगाव हळद एका ओळीत आटोपली आहे. समितीतल्या एका काकूंना आपण सदस्य आहोत हेच माझ्याकडून कळलं. अशा समितीशी सल्लामसलत म्हणजे नक्की काय करायचं?

प्रतिसाद : वनस्पती रोगशास्त्राचे निवृत्त शिक्षक, अकोला

मला दोघांपेक्षा वेगळं म्हणायचं आहे. सडका गड्डा पाठवायचाच कशाला? वनस्पती निर्यातीचं आरोग्य प्रमाणपत्र माल कीडरोगमुक्त आहे असं सांगतं. तुमचा नमुना रोगटच, त्याला ते कोण देणार? घेणाऱ्या देशाची संशोधनासाठीची वेगळी परवानगी आधी हातात हवी. ती नसेल तर चेन्नईने एका दिवसात सही केली तरी खोकं तिकडच्या विमानतळावर नष्ट करतील.

नमुना आणल्याच्या आठवड्यात बुरशी वेगळी काढायची, परीक्षानळीत पोषक माध्यमावर वाढवून जपायची. देशातल्या देशात अभ्यासाला भारतीय विद्यार्थ्याला या प्राधिकरणाची परवानगी लागत नाही. मग 45 दिवस लागोत की 90, वाढवलेली बुरशी नळीत जिवंत राहते. आणि हळदीचा डोळाही देशाबाहेर जात नाही.

उत्तर : धागालेखिका

सर, बुरशीचं मान्य. ते मी भाद्रपदातच करायला हवं होतं, चूक माझी. पण कुजलेल्या गड्ड्यात बुरशी एकटी नसते. जिवाणू असतात, सूत्रकृमी म्हणजे बारीक जंत असतात, आणि प्रयोगशाळेतल्या बशीत उगवतं तेवढंच आपल्याला दिसतं. अख्ख्या गड्ड्यातल्या सगळ्यांचा डीएनए काढायचा तर ताजा गड्डाच लागतो. तेवढं काम नागपुरात करून घेईन. सूट मागितली होती ती मागे घेते. पण संस्थेच्या आत अर्ज चार महिने पडून राहतो, त्यालाही मुदत हवी. यावर माघार नाही.

प्रतिसाद : हळद उत्पादक, समुद्रपूर तालुका

मुदत पाह्यजेच, त्यात दुमत नाई. वहीची किल्ली मी ग्रामसेवकाले मागतो, अन् काकूले संगं घेऊन ते पान नव्यानं लिवू. औंदा पोळ्यानंतर वावरात या. गड्डे उपटताना मी उभा राहीन. एकएक डोळा खुडीन, मंगच पिशवीत टाका.