दोन सेकंदांनी बरंच बिघडतं
गाडी चालवताना मोबाईलकडे दोन सेकंद पाहिलं तर काही बिघडत नाही, असं एकाने लिहिलंय. हे साफ चूक आहे. ताशी ५० किमी वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांत २८ मीटर, रस्त्याकडे न बघता! मी सिग्नलला थांबलो होतो, मागून असाच एक जण येऊन धडकला. खाली उतरला तेव्हाही हातात मोबाईल तसाच चालू.

त्याहून जास्त मनस्ताप विमा कंपनीने दिला. उभ्या गाडीला धडक, तरी कागदावर ‘दोघांचीही चूक’. फोनवर दर वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी लेखी तक्रार दिली, आपल्या प्रतीवर तारीख-शिक्क्यासह पोच घेतली, तेव्हा कुठे फाईल हलली.