मदत हवी आहे: नेपाळी आणि कन्नड घरांतली मुलं, इंग्रजीचा तास

नमस्कार. देवगड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. पट २२. सतरा मुलं गावातली, घरी मालवणी. तिघं नेपाळी, त्यांचे आईवडील हापूसच्या बागेत राखणीला असतात. दोघं कन्नड, त्यांचे पालक चिऱ्याच्या खाणीवर. नेपाळी मुलं दिवाळीनंतर येतात आणि आंबा संपला की मे महिन्यात जातात. एवढ्याशा मुदतीत त्यांना मराठीही नवी आणि इंग्रजीही.

काळजी वाटते ती तिसरीतल्या एका नेपाळी मुलीची. पहिला दीड महिना ती वर्गात एक अक्षर बोलली नाही. डिसेंबरात वाहनांची इंग्रजी नावं चालू होती. मी शब्द म्हणायचा आणि मुलांनी ऐकून देवनागरीत लिहायचा, अशी माझी पद्धत. तिने ‘व्हॅन’चं ‘भ्यान’ लिहिलं. मी लाल पेनाने गोल केला, शेजारच्या मुलाने मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर्ग हसला. तिने वही दप्तरात टाकली ती तास संपेपर्यंत काढलीच नाही. मला मागाहून कळलं की नेपाळीत इंग्रजीतला ‘व्ही’ ‘भ’नेच लिहितात, व्हिडिओला ‘भिडियो’. म्हणजे तिने बरोबर ऐकलं होतं आणि तिच्या लिपीच्या रीतीने बरोबर लिहिलंही होतं. चूक माझी होती आणि ती मला अजून खाते. कन्नड मुलगा ‘बस्सु’, ‘पेन्नु’ म्हणतो तेही तसंच. त्याच्या घरी असे शब्द स्वरावरच संपतात.

संक्रांतीला मात्र वेगळंच घडलं. तिळगूळ वाटताना मी सहज विचारलं, तुमच्याकडे काय करतात? कन्नड मुलगा लगेच म्हणाला, “एळ्ळु-बेल्ल.” म्हणजे तीळ आणि गूळच. मग ही मुलगी हळूच म्हणाली, “तरुल.” कुणालाच कळेना. ती फळ्यापाशी आली, एक वेडावाकडा कंद काढला आणि हाताने जमीन उकरून दाखवली. मागून एक पोरगा ओरडला, “बाई, ह्यो तर करांदो!” अगदी तोच नसेल, पण जातकुळी एकच. मी खाली इंग्रजीत ‘यॅम’ लिहिलं. त्या दिवशी बावीसच्या बावीस मुलांना हा शब्द पाठ झाला, आणि तो तिच्यामुळे झाला.

हे योगायोगाने जमलं. रोजच्या तासात कसं जमवायचं?

दुसरी अडचण. फेब्रुवारीत स्नेहसंमेलन आहे. आमच्या सरांनी चांगल्या मनाने सुचवलंय की नेपाळी मुलांना टोप्या घालून स्टेजवर उभं करू, त्यांच्या संस्कृतीचा मान होईल. मी तिला विचारलं तर तिने मान खाली घातली. गावात तिच्या बाबांना सगळे ‘गुरखो’ म्हणतात, नाव कुणाला ठाऊक नाही. अशा गावासमोर तिला टोपी घालून उभी करायला माझं मन घेत नाही. काय करावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी रत्नागिरीकडे बागायतीच्या भागात शिकवते. तो दीड महिना वाया गेला असं मानू नका. नवी भाषा ऐकताना मुलं बराच काळ गप्प राहतात, पण आत साठवत असतात. तोवर बोलायला लावू नका. ‘टच द डोअर’, ‘गिव्ह मी द रेड चॉक’ असं सांगा आणि ती करते का बघा. समजलंय की नाही ते हातांवरून कळतं. जिम कमिन्स या अभ्यासकांनी दाखवलंय की बोलण्यापुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची यायला पाच ते सात लागतात. सहा महिन्यांत तिची परीक्षा कसली घ्यायची?

रोजच्या तासासाठी भिंतीवर चार रकाने करा: मालवणी, नेपाळी, कन्नड, इंग्रजी. आंबो, आँप, मावु, मँगो. ‘मँगो’ हा शब्दही मल्याळम ‘माङ्ङा’पासून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत गेला, हे मुलांना जरूर सांगा. इंग्रजीसुद्धा उसनवारी करते हे कळलं की त्यांची भीती बरीच उतरते.

स्टेजचं म्हणाल तर टोपी नको. सगळ्या बावीस जणांना नेपाळी आणि कन्नडमध्ये दहापर्यंत आकडे शिकवा. शिकवतील ती पाच मुलं. संमेलनात सगळा वर्ग मिळून म्हणेल, एकटं कुणी उभं राहणार नाही. आणि तिच्या बाबांना नावाने निमंत्रण द्या, पत्रिकेवर पूर्ण नाव लिहून.

धागाकर्ती

ताई, पत्रिकेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांचं नाव हजेरीत आहे, उद्याच लिहिते. रकान्यांचा कागद आज रात्री आखते. फक्त ‘आँप’ नीट कसा म्हणायचा ते मला येत नाही. ते तिलाच विचारीन, सगळ्या वर्गासमोर.