वगळण्याच्या खुणेचा अर्थ आणि उगम

प्रश्न – वाचक, नौपाडा (ठाणे)
आमच्या वाचनमंडळाच्या स्मरणिकेची प्रुफे एका ज्येष्ठ मुद्रितशोधकांनी तपासून दिली आहेत. वगळायच्या शब्दांवर त्यांनी रेघ मारली आहेच, शिवाय समासात वेटोळे घालून शेपूट सोडल्यासारखी एक खूण केली आहे. मंडळातील काहींना ती देवनागरी 'ठ' वाटते, तर काहींना मोडीतील अक्षर. ही खूण कुठून आली, आणि रेघ असताना तिची गरज काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – मुद्रितमित्र, वाशी
ही खूण म्हणजे रोमन 'डी' आहे. लॅटिनमध्ये 'देले' हे 'पुसून टाक' अशा अर्थाचे आज्ञार्थी रूप असून, त्याचे आद्याक्षर युरोपातील जुन्या हस्तलेखनात दांडा वळवून लिहीत असत. तोच आकार पुढे मुद्रणालयांत रूढ झाला. मजकुरातील रेघ दुरुस्तीची जागा दाखवते आणि समासातील खूण करायची कृती सांगते. मजकूर जुळवणारा जुळारी दुरुस्त्या करताना सारा मजकूर पुन्हा वाचत नाही, समासावरून नजर फिरवतो. त्यामुळे समास कोरा राहिला तर रेघ सहज नजरेतून सुटते. शिवाय, नुसत्या रेघेवरून शब्द वगळायचा की बदलायचा, हे कळत नाही.

उत्तर – पोथीवाचक, कळवा
आपल्याकडील लेखनिक चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देत, आणि राहून गेलेल्या मजकुराची जागा काकपदाने, म्हणजे कावळ्याच्या पायासारख्या खुणेने, दाखवून तो समासात लिहीत. लेप वाळला की त्यावर नवे अक्षर लिहिता येई. प्रुफावर मात्र मूळ अक्षर रेघेखाली वाचता आलेच पाहिजे, कारण नेमके काय काढायचे आहे हे दुसऱ्या माणसाला कळायचे असते.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा झाल्यास काय करावे?

उत्तर – मुद्रितमित्र, वाशी
शब्दाखाली टिंबे देऊन समासात 'स्टेट' (stet), म्हणजे लॅटिनमध्ये 'राहू दे', असे लिहिण्याची जुनी पद्धत आहे. १९७६च्या ब्रिटिश मानकाने त्याऐवजी वर्तुळातील बरोबरची खूण दिली, म्हणजे भाषेचा प्रश्नच उरला नाही. देवनागरीत एक काळजी अवश्य घ्यावी. 'नांव'मधील अनुस्वार काढताना एवढ्याशा टिंबावर मारलेली रेघ दिसत नाही. म्हणून पूर्ण 'नां' खोडून समासात 'ना' लिहावे, हे मला अधिक सुरक्षित वाटते. वेलांटी, उकार आणि रफार यांनाही हेच लागू आहे.